पानातील सत्त्व आणि शुद्धतेचा प्रश्न : चहाच्या पानातील कॅटेचिनांचे निष्कर्षण

'निष्कर्ष' हा शब्द मराठीत दोन ज्ञानक्षेत्रांत वावरतो. टीकाकार पुराव्यातून निष्कर्ष काढतो आणि रसायनशास्त्रज्ञ वनस्पतीचे निष्कर्षण करतो. दोन्ही ठिकाणी मूळ धातू 'कृष्' म्हणजे ओढणे हाच आहे. अनेक गोष्टींच्या मिश्रणातून हवी ती गोष्ट ओढून बाहेर काढावयाची आणि उरलेले बाजूला ठेवावयाचे, ही कृती दोहोंना समान आहे. बाहेर काढलेल्या गोष्टीचे गुण तिच्या मूळ परिसरापासून वेगळे झाल्यावर तसेच राहतात काय, हा प्रश्नही दोहोंना समान आहे. गेल्या काही दशकांत वनस्पतींच्या पानांतून 'अँटिऑक्सिडंट' द्रव्ये वेगळी करण्याच्या उद्योगाने हा प्रश्न प्रत्यक्ष आरोग्याच्या पातळीवर उभा केला आहे. प्रस्तुत लेखात चहाच्या पानातील कॅटेचिन या द्रव्यगटाच्या उदाहरणावरून ही प्रक्रिया, तिच्या संज्ञांचा आंतरभाषिक प्रवास आणि तिच्यातून निर्माण झालेला शुद्धतेचा प्रश्न यांचा परिचय करून दिला आहे.

१. संज्ञेचा प्रवास

'अँटिऑक्सिडंट' ही संज्ञा समजून घेण्यासाठी प्रथम 'ऑक्सिजन' या नावाकडे पाहावे लागते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने ग्रीक शब्दांपासून हे नाव घडविले. त्याचा अर्थ 'अम्ल उत्पन्न करणारा' असा आहे. सर्व अम्लांमध्ये हा वायू असतोच, अशी लव्हाझिएची समजूत होती. हम्फ्री डेव्हीने १८१० च्या सुमारास क्लोरीनवर केलेल्या कामामुळे ती चुकीची ठरली, पण नाव टिकले. त्याचे भाषांतरही झाले. जर्मन 'झाउअरस्टोफ' आणि रशियन 'किस्लोरोद' या शब्दांत आंबटपणाच आहे. जपानमध्ये उदागावा योआन याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य रसायनशास्त्र जपानीत आणताना 'सान्सो' म्हणजे 'अम्लद्रव्य' हा शब्द योजिला. अशा रीतीने एक चुकीचा सिद्धान्त चार भाषांच्या शब्दकोशांत कायमचा वस्तीला आला. मराठीने मात्र 'प्राणवायू' हा निराळा शब्द रूढ केला. त्यात रासायनिक सिद्धान्त नाही, तर श्वसनाचा अनुभव आहे.

या भेदाचा परिणाम पुढील संज्ञांवर होतो. जपानीत 'अँटिऑक्सिडंट'चा अर्थ 'अम्लीभवनाच्या विरुद्ध' असा होतो, तर 'प्राणवायू' हा शब्द धरून मराठीत भाषांतर केल्यास प्राणालाच विरोध करणारे काही, असा विपरीत अर्थ निघेल. म्हणून मराठी शास्त्रीय लेखनाने येथे 'ऑक्सिडीभवन' आणि 'प्रतिऑक्सिडीकारक' हे संकरित शब्द स्वीकारले. बोलण्यात तर मूळ इंग्रजी शब्दच राहिला. संकरित शब्द ओबडधोबड वाटला तरी येथे तो अधिक नेमका आहे.

ऑक्सिडीभवन म्हणजे, थोडक्यात, एखाद्या रेणूने इलेक्ट्रॉन गमावणे. लोखंड गंजते, तेल खवट होते, कापलेले सफरचंद तपकिरी पडते, या सर्व घटना याच प्रकारच्या आहेत. प्रतिऑक्सिडीकारक द्रव्य स्वतःचा इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन अणू देऊन शेजारच्या रेणूचे रक्षण करते आणि स्वतः ऑक्सिडित होते. या कल्पनेचा उगम औद्योगिक रसायनशास्त्रात आहे. फ्रान्समध्ये शार्ल मुरू आणि शार्ल द्युफ्रेस यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळापासून अ‍ॅक्रोलीनसारखी द्रव्ये साठवणीत बिघडू नयेत यासाठी अभ्यास केला आणि १९२० च्या दशकाच्या आरंभी अशा रक्षक द्रव्यांसाठी नवी संज्ञा योजिली. रबर, इंधने आणि खाद्यतेले यांच्या टिकाऊपणाशी निगडित असलेली ही कल्पना नंतर शरीरशास्त्रात आली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. 'प्रतिऑक्सिडीकारक' हे द्रव्याच्या जातीचे नाव नसून वर्तनाचे नाव आहे. क जीवनसत्त्व, बीटा-कॅरोटीन आणि कॅटेचिन यांची रचना एकमेकांपासून अगदी भिन्न आहे. एका विशिष्ट कसोटीतील समान वर्तनामुळे ती एका नावाखाली येतात. एखाद्या वाङ्मयप्रकाराचे नाव केवळ परिणामावरून ठेवले तर जसा गोंधळ होईल, तसाच गोंधळ या नावामुळे पुष्कळदा झालेला आहे.

२. कात, गॅम्बीर आणि चहा

'कॅटेचिन' हे नाव चहावरून आलेले नाही. ते 'कॅटेच्यू' म्हणजे आपल्या विड्यातील कातावरून आले आहे. युरोपीय भाषांत हा शब्द मलय 'काचू'वरून गेला असे मानले जाते, आणि त्याचे दक्षिण भारतीय भाषांतील शब्दांशी नाते आहे. खैराच्या गाभ्याच्या लाकडाचे ढलपे पाण्यात उकळावयाचे, काढा आटवावयाचा आणि तो थंड होऊ द्यावयाचा, ही कात पाडण्याची जुनी रीत. कॅटेचिन गरम पाण्यात सहज विरघळते, थंड पाण्यात फारच थोडे विरघळते. त्यामुळे काढा निवताना ते खाली बसते आणि टॅनिनयुक्त गडद भाग वर द्रवात राहतो. हा उरलेला भाग आटवून रंगकामासाठी आणि कातडी कमावण्यासाठी वापरला जाई. आधुनिक प्रयोगशाळा ज्याला स्फटिकीकरणाने शुद्धीकरण म्हणते, त्याचेच हे रूप आहे. महाराष्ट्रातील कातकरी जमातीचे नाव या व्यवसायावरूनच पडले आहे. म्हणजे 'कॅटेचिन' या आंतरराष्ट्रीय संज्ञेत आणि रायगड-ठाण्याच्या डोंगरातील एका जमातीच्या नावात एकच वस्तू नांदते आहे.

आग्नेय आशियात हेच द्रव्य लाकडाऐवजी पानांपासून काढतात. गॅम्बीर नावाच्या वेलवर्गीय झुडपाची पाने आणि कोवळ्या डहाळ्या उकळून, काढा आटवून त्याच्या वड्या पाडल्या जातात. चहाच्या पानात याच कुटुंबातील द्रव्ये आहेत, हे जपानमधील संशोधनातून स्पष्ट झाले.

त्या संशोधनात त्सुजिमुरा मिचियो (१८८८–१९६९) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. स्त्रियांना विद्यार्थी म्हणून प्रवेश नसलेल्या होक्काइदो विद्यापीठात त्यांनी १९२० मध्ये बिनपगारी साहाय्यक म्हणून कामास आरंभ केला. पुढे तोक्योतील रिकेन संस्थेत सुझुकी उमेतारो यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरव्या चहाचे रसायन अभ्यासिले. १९२४ मध्ये मिउरा सेइतारो यांच्यासह त्यांनी हिरव्या चहात क जीवनसत्त्व असल्याचे दाखविले, १९२९ मध्ये कॅटेचिन वेगळे केले आणि १९३२ मध्ये हिरव्या चहाच्या रासायनिक घटकांवरील प्रबंधासाठी त्यांना कृषिविषयक डॉक्टरेट मिळाली. ती मिळविणाऱ्या त्या जपानमधील पहिल्या स्त्री होत.

३. पान खुडल्यानंतर

कोवळ्या चहापानाच्या शुष्क वजनाचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा पॉलिफिनॉल द्रव्यांचा असतो आणि त्यांत कॅटेचिने प्रमुख असतात. जिवंत पानात ही द्रव्ये पेशीतील एका कप्प्यात आणि त्यांचे ऑक्सिडीभवन घडविणारे एंझाइम दुसऱ्या भागात असते. पान चुरगळले की भिंती फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि कॅटेचिने बदलू लागतात. काळ्या चहाच्या निर्मितीत हेच मुद्दाम घडवून आणतात. त्यातून तयार होणाऱ्या तांबूस-पिवळ्या आणि तपकिरी द्रव्यांना 'थिआफ्लेविन' आणि 'थिआरुबिगिन' असे म्हणतात. आसाममधील जोरहाटजवळ टोकलाई येथे १९११ मध्ये चहासंशोधन केंद्र स्थापन झाले. तेथे काम केलेल्या ई. ए. एच. रॉबर्ट्स यांचा या द्रव्यांच्या अभ्यासात मोठा वाटा आहे.

चहाच्या धंद्यात या क्रियेला 'फर्मेंटेशन' म्हणतात. वस्तुतः येथे सूक्ष्मजंतूंकडून काहीही आंबत नाही, हे केवळ ऑक्सिडीभवन आहे. रसायन पुढे गेले तरी धंद्यातील नाव मागेच राहिले.

ज्याला कॅटेचिने हवी आहेत त्याने मात्र ही क्रिया आरंभीच थांबविली पाहिजे. जपानी पद्धतीत खुडलेले पान वाफवतात, चिनी पद्धतीत बहुधा तापलेल्या कढईत परततात. उष्णतेने एंझाइम निकामी होते आणि पान हिरवे राहते. त्यानंतर पान वाळवून त्याची भरड करतात. पूड फार जाड असल्यास विद्रावक आत पोचत नाही, अतिबारीक असल्यास गाळण्याची कापडे आणि कागद तुंबतात.

४. विद्रावकाची निवड

निष्कर्षणाचे मूलतत्त्व साधे आहे : सजातीय सजातीयाला विरघळविते. कॅटेचिनाच्या रेणूवर अनेक हायड्रॉक्सिल गट असतात, म्हणून ते पाणी, अल्कोहोल किंवा दोहोंचे मिश्रण यांत उतरते. पानावरील मेण आणि हरितद्रव्य तेलकट विद्रावकांकडे जातात. म्हणून साधारणतः गरम पाणी किंवा पाणीमिश्रित इथॅनॉल वापरतात. तापमान वाढविले तर निष्कर्षण जलद होते, पण उकळत्या पाण्यात दीर्घकाळ ठेवल्यास कॅटेचिनांच्या अवकाशीय रचनेत बदल होतो आणि काही भाग नष्ट होतो. यासाठी मध्यम तापमान, थोडा वेळ आणि एकाहून अधिक वेळा काढा, हा मार्ग पत्करतात. नंतर काढा गाळून कमी दाबाखाली आटवतात. दाब कमी केल्यामुळे पाणी कमी तापमानाला उडून जाते आणि द्रव्य होरपळत नाही.

या टप्प्यावर हाती येतो तो अशुद्ध निष्कर्ष. त्यात कॅटेचिनांबरोबर कॅफीन, अ‍ॅमिनो अम्ले, शर्करा, क्षार आणि थोडी रंगद्रव्ये असतात. मराठीत त्याला सहजपणे 'अर्क' म्हटले जाते. हा शब्द अरबीतील घामाच्या अर्थाच्या शब्दापासून आला असून मुळात तो ऊर्ध्वपातनाने थेंबथेंब गाळलेल्या द्रवासाठी आहे. सूर्य आणि रुई या अर्थांचा संस्कृत 'अर्क' त्याहून निराळा. कॅटेचिन वाफेबरोबर उडून येत नाही, त्यामुळे काटेकोरपणे पाहता त्याचा अर्क निघत नाही, काढा निघतो.

आयुर्वेदाने हे भेद फार पूर्वीच नोंदविले आहेत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात स्वरस, कल्क, शृत, शीत आणि फांट अशा पाच कषायकल्पना सांगितल्या आहेत : पिळून काढलेला रस, वाटलेला गोळा, उकळून केलेला काढा, थंड पाण्यात भिजवून घेतलेले पाणी आणि गरम पाण्यात टाकून गाळलेले पाणी. या वर्गीकरणानुसार चहाचा पेला म्हणजे फांट होय. या पाचांपैकी आधीची कल्पना नंतरच्या कल्पनेहून बलवान मानली आहे, आणि रुग्णाचे व रोगाचे बल पाहूनच निवड करावी असे सांगितले आहे. अधिक तीव्र ते अधिक चांगले, असा सरसकट नियम तेथे नाही.

५. पृथक्करण आणि वर्णलेखन

शुद्धीकरणाची पुढची पायरी म्हणजे दोन न मिसळणाऱ्या द्रवांतील वाटणी. जुन्या पद्धतीत जलीय निष्कर्ष क्लोरोफॉर्मबरोबर हलवितात. कॅफीन आणि काही रंगद्रव्ये क्लोरोफॉर्ममध्ये जातात, कॅटेचिने पाण्यात राहतात. मग त्या पाण्यात एथिल अ‍ॅसिटेट घालून कॅटेचिने त्यात ओढून घेतात आणि विद्रावक उडवून फिकट पूड मिळवितात. क्लोरोफॉर्मचे अवशेष आरोग्यास घातक असल्याने खाद्य वापरासाठी इतर मार्ग शोधावे लागले. सच्छिद्र राळेवर द्रव्य चिकटवून नंतर अल्कोहोलने सोडवून घेणे हा एक मार्ग आहे. कार्बन डाय-ऑक्साइडला ३१ अंश सेल्सिअसच्या वरच्या तापमानात आणि सुमारे ७४ बारहून अधिक दाबाखाली ठेवून त्याच्या द्रव-वायूंच्या मधल्या अवस्थेत कॅफीन काढून टाकणे हा दुसरा मार्ग होय.

अखेरची विभागणी स्तंभावर होते. एकाच निष्कर्षात एपिकॅटेचिन, एपिगॅलोकॅटेचिन आणि त्या दोहोंची गॅलेट रूपे अशी चार प्रमुख कॅटेचिने असतात. योग्य पदार्थाने भरलेल्या नळीतून द्राव सोडला की प्रत्येक द्रव्य निराळ्या वेगाने खाली सरकते, कारण भरलेल्या पदार्थाशी प्रत्येकाची आसक्ती निराळी असते. ही पद्धत जन्माला आली तीही पानांच्या अभ्यासातूनच. मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये वॉर्सा येथे तिची पहिली मांडणी केली. काचेच्या नळीत खडूची पूड भरून त्याने पानांतील रंगद्रव्यांचा द्राव तिच्यातून सोडला, तेव्हा हिरव्या-पिवळ्या पट्ट्या वेगवेगळ्या झाल्या. १९०६ मध्ये त्याने या पद्धतीला ग्रीक शब्दांवरून 'क्रोमॅटोग्राफी' हे नाव दिले. त्याच्या स्वतःच्या आडनावाचा रशियनमधील अर्थही 'रंग' असाच आहे. समकालीनांनी या पद्धतीकडे संशयाने पाहिले. त्स्वेत १९१९ मध्ये वारला आणि १९३१ मध्ये हायडेलबर्ग येथील रिखार्ड कून व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामानंतरच तिला मान्यता मिळाली.

मराठीतील 'वर्णलेखन' हा पर्याय मूळ शब्दाहून अधिक अर्थवाही झाला आहे, कारण 'वर्ण' म्हणजे रंग आणि अक्षरही. शुद्ध कॅटेचिने जवळजवळ रंगहीन असतात. आज त्यांच्या पट्ट्या डोळ्यांनी दिसत नाहीत, २८० नॅनोमीटरच्या आसपासच्या अतिनील प्रकाशाचे शोषण मोजून त्या आलेखावर उमटतात. रंग गेला, लेखन राहिले.

६. शुद्ध द्रव्य काय सिद्ध करते?

वेगळे केलेले द्रव्य खरोखर प्रतिऑक्सिडीकारक आहे काय, हे तपासण्याची एक प्रचलित कसोटी १९५८ पासून वापरात आहे. डीपीपीएच नावाच्या द्रव्याचा जांभळा द्राव प्रतिऑक्सिडीकारक मिसळताच पिवळा पडू लागतो. ५१७ नॅनोमीटर प्रकाशाचे शोषण किती घटले, यावरून सामर्थ्य ठरविता येते. चहातील कॅटेचिने या कसोटीला उत्तम उतरतात. परंतु ही कसोटी परीक्षानळीतील आहे. प्यालेल्या चहातील कॅटेचिनांचा थोडाच अंश रक्तात पोचतो आणि तोही यकृतात व आतड्यांत बदललेल्या रूपात. अमेरिकेच्या कृषिखात्याने खाद्यपदार्थांच्या अशाच एका मापनाची प्रसिद्ध केलेली सूची २०१२ मध्ये मागे घेतली. परीक्षानळीतील आकडे शरीरातील परिणामाचे निदर्शक नाहीत आणि जाहिरातींत त्यांचा गैरवापर होतो, हे त्यामागील कारण होते.

याहून गंभीर धडा त्स्वेतच्या नळीतील पिवळ्या द्रव्यांच्या कुटुंबाने दिला. ज्यांच्या आहारात भाजीपाला आणि रक्तात बीटा-कॅरोटीन अधिक, त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, असे निरीक्षण होते. त्यावरून शुद्ध बीटा-कॅरोटीन दिल्यास संरक्षण मिळेल, असा तर्क झाला. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर घेतलेल्या चाचणीचा निकाल १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले. अमेरिकेतील १८,३१४ जणांवरील दुसरी चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. तेथे ही वाढ २८ टक्के होती. पानाविषयीचे निरीक्षण चुकीचे नव्हते. पानाचा गुण म्हणजे त्यातील एका रेणूचा गुण, हे अनुमान चुकीचे होते.

कॅटेचिनांच्या बाबतीतही हीच सावधगिरी आवश्यक ठरली. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिलेल्या मतानुसार हिरव्या चहाचे पेय सामान्यतः सुरक्षित आहे, परंतु पूरक गोळ्यांच्या रूपात रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट घेतल्यास यकृताच्या इजेची चिन्हे दिसू शकतात. येथे द्रव्य तेच आहे, फक्त प्रमाण, वेळ आणि सोबत बदलली आहे.

याच्या उलट, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ मध्ये एका विशिष्ट प्रकारच्या बाह्य चामखिळींसाठी मान्य केलेले मलम शुद्ध रेणूचे नाही. त्यातील द्रव्य म्हणजे हिरव्या चहाच्या जलीय निष्कर्षाचा अंशतः शुद्ध केलेला भाग आहे. त्यात कॅटेचिने ८५ ते ९५ टक्के, त्यांपैकी एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट एकूण वजनाच्या ५५ टक्क्यांहून अधिक आणि उरलेल्या भागात थोडे कॅफीन व पानातील इतर घटक असतात. वनस्पतिजन्य औषधांसाठीच्या स्वतंत्र मार्गाने मान्यता मिळविणारे ते पहिले औषध होय. म्हणजे शुद्धीकरण कोठपर्यंत न्यावयाचे, हा केवळ तांत्रिक क्षमतेचा प्रश्न नाही, तो प्रयोजनाचा प्रश्न आहे.

७. तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने

भारतीय काव्यशास्त्राला ही अडचण अपरिचित नाही. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने रसाची निष्पत्ती समजावताना पाकशाळेचा दृष्टान्त घेतला आहे. नाना व्यंजने, औषधी आणि द्रव्ये यांच्या संयोगातून जसा आस्वाद निर्माण होतो, तसा नाट्यात रस निर्माण होतो. रस कोणत्याही एका घटकात साठविलेला नाही, म्हणून घटक वेगळा काढून तो हाती लागत नाही. मात्र यावरून पृथक्करण निरर्थक आहे असे ठरत नाही. त्सुजिमुरांनी कॅटेचिन वेगळे केले नसते तर चहाच्या तुरटपणाचे कारणच कळले नसते, आणि शुद्ध बीटा-कॅरोटीन उपलब्ध नसते तर त्याविषयीचा गैरसमज दूर झाला नसता. वेगळे केलेले द्रव्य परिसराविषयीच्या चुकीच्या कल्पनांची परीक्षा घेते. परिसराची जागा ते घेऊ शकत नाही.

ग्रंथसंपादनाच्या क्षेत्रात याचे एक चांगले उदाहरण पुण्यातच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत निवडलेला पाठ वर दिला आहे आणि वगळलेले पाठभेद तळटीपांत व परिशिष्टांत जपले आहेत. त्यामुळे संपादकाचा निर्णय पुन्हा तपासता येतो. विद्रावकात मागे राहिलेले घटक प्रयोगशाळेने पूर्वी सहसा टाकून दिले. आता चहातील कॅफीन, अ‍ॅमिनो अम्ले आणि कॅटेचिने यांच्या परस्परपरिणामांचा अभ्यास होत असल्याने त्या गाळाकडेही लक्ष गेले आहे. एखादी कथनरूढी, प्रतिमा किंवा संज्ञा एका भाषेतून काढून दुसरीच्या शेजारी ठेवणाऱ्या अभ्यासकाला हीच शिस्त उपयोगी पडेल : काय काढले याच्या नोंदीबरोबर ते कोणत्या विद्रावकाने काढले आणि मागे काय राहिले, याचीही नोंद ठेवणे.